धर्म, राज्य व राष्ट्र : सोलापूरच्या भूमीची साक्ष

ज्युबिली म्हणजे केवळ आनंदोत्सव नव्हे. यहुदी लोकांच्या धर्मशास्त्रांत पन्नासावें वर्ष हें ज्युबिलीचें वर्ष म्हणून नेमून दिलेलें होतें. त्या वर्षीं दास मोकळे होत, हातची गेलेली जमीन मूळ कुळाकडे परत येई, आणि सारा समाज आपल्या देण्याघेण्याचा हिशेब नव्यानें मांडी. पुढें इ. स. १३०० सालीं पोप आठवे बोनिफेस ह्यांनीं रोममध्यें पहिलें पवित्र वर्ष पाळलें, तेव्हांही पश्चात्ताप व क्षमा हींच त्याचीं मुख्य अंगें होतीं. म्हणून ज्युबिलीच्या पुस्तकांत इतिहासाला जागा द्यावयाची असेल, तर तो हिशेबाच्या वहीसारखा असावा. जमेची बाजू मोठ्यानें वाचावयाची आणि नांवेची बाजू झांकून ठेवावयाची, हें ज्युबिलीस शोभणारें नाहीं.

राष्ट्राच्या इतिहासांत व राजकारणांत धर्माचें स्थान कोणतें, हा प्रश्न आपल्या देशांत पुनःपुन्हां निघतो. त्याला दोन झटपट उत्तरें ऐकूं येतात. कोणी म्हणतात, धर्मानेंच राष्ट्रें घडतात, तेव्हां राज्य धर्माच्या हातीं असावें. कोणी म्हणतात, धर्मामुळेंच भांडणें लागतात, तेव्हां त्यानें देवळाचा उंबरठा ओलांडूं नये. सोलापूरच्या भूमीवर उभें राहून मागील आठशें वर्षांकडे पाहिलें, तर हीं दोन्ही उत्तरें अपुरीं वाटतात. ह्या भूमीनें व तिच्या आसपासच्या मुलुखानें धर्माला राजदंडाचा आधार घेतांना पाहिलें आहे, आणि राजदंडापुढें निर्भयपणें उभें राहतांनाही पाहिलें आहे. त्यांपैकीं काय टिकलें व काय बुडालें, हें पाहणें हाच ह्या लेखाचा हेतु.

तलाव आणि सिंहासन

सोलापूरचा भुईकोट किल्ला आणि सिद्धेश्वराचा तलाव हे एकमेकांच्या शेजारीं आहेत. परगांवचा पाहुणा आला म्हणजे आपण त्याला दोन्ही दाखवितों. परंतु दोहोंचा इतिहास निराळा आहे. बाराव्या शतकांत सिद्धराम नांवाचे शिवयोगी येथें होऊन गेले. कन्नड वचनकारांत त्यांची गणना होते. त्यांनीं गांवाच्या आसमंतांत अडुसष्ट लिंगांची स्थापना केली व लोकांच्या श्रमांतून तलाव खोदविला, असें परंपरा सांगते. शरणांच्या मतें प्रामाणिक अंगमेहनत हीच उपासना; तिला ते 'कायक' म्हणत. ज्या भागांत पाऊस बेताचा आणि उन्हाळ्यांत विहिरी तळ गांठतात, त्या भागांत पाण्याचा सांठा करणें ह्याहून मोठी लोकसेवा कोणती? आजही मकरसंक्रांतीस नंदिध्वजांची मिरवणूक निघते, आणि गड्ड्याच्या यात्रेस सोलापुरांतील सर्व जातींचे व धर्मांचे लोक लोटतात.

त्याच शतकांत आपल्या जिल्ह्यांतील मंगळवेढें हें कलचुरि राजांचें ठाणें होतें. बिज्जळ राजाच्या पदरीं बसवेश्वर अधिकारावर होते. पुढें राजधानी कल्याणास गेली व तेथें बसवेश्वरांच्या भोंवतीं शरणांचा समाज उभा राहिला. त्यांत ब्राह्मण होते, चांभार होते, नावाडी होते, परीट होते. जोंपर्यंत राजाची मर्जी होती तोंपर्यंत ही चळवळ वाढली. परंतु ब्राह्मण कुळांतील वधू व चांभार कुळांतील वर ह्यांचा विवाह शरणांनीं मान्य केला, तेव्हां राजाचा कोप झाला अशी कथा आहे. शिक्षा झाल्या, रक्त सांडलें, बिज्जळ स्वतः मारला गेला, आणि शरण चहूंकडे पांगले. थोड्याच काळांत कलचुरींची सत्ताही लयास गेली. वचनें मात्र लोकांच्या तोंडीं राहिलीं. ज्या सिंहासनाच्या सावलींत ही चळवळ वाढली, त्यानेंच तिच्यावर घाव घातला. आणि जें सिंहासनाकडून मिळालें नव्हतें, तेवढेंच टिकलें.

मंगळवेढ्याची दुसरी कथा सर्व महाराष्ट्राला ठाऊक आहे. बहामनी अमदानींत दामाजीपंत तेथें सरकारी अंमलदार होते. दुष्काळ पडला, माणसें अन्नावांचून मरूं लागलीं, आणि दामाजीपंतांनीं बादशहाच्या कोठारांतील धान्य हुकुमाची वाट न पाहतां भुकेल्यांस वांटलें. पुढें विठ्ठलानें महाराचें रूप घेऊन त्या धान्याचें मोल भरलें, असें भाविक सांगतात. कथेंतील चमत्कार ज्याच्या त्याच्या श्रद्धेवर सोडूं. दामाजीपंतांनीं बंड केलें नाहीं, सिंहासन मागितलें नाहीं. त्यांनीं एवढेंच ठरविलें कीं, धन्याच्या हुकुमाहून थोर असा एक हुकूम आहे. राज्यकारभारांत धर्माचा प्रवेश व्हावा तो ह्या दारानें.

किल्ला आणि दोन विवाह

आतां किल्ल्याकडे वळूं. बहामनी राज्य मोडून त्याचीं शकलें झालीं, तेव्हां सोलापूर हें विजापूरची आदिलशाही व अहमदनगरची निजामशाही ह्यांच्या सीमेवर आलें. १५२० नंतरच्या दशकांत इस्माईल आदिलशहाची बहीण बुर्‍हाण निजामशहाला दिली गेली. सोलापूरचा किल्ला हुंडा म्हणून द्यावयाचा असें ठरलें होतें, असें निजामशहाचें म्हणणें. आदिलशहानें तो दिला नाहीं. ह्यावरून लढाया जुंपल्या, आणि पुढील दोन पिढ्या सोलापूर हें भांडणाचें मूळ होऊन बसलें. वस्तुतः दोन्ही राजे मुसलमान, सोयरे व शेजारी. तरी एका किल्ल्यासाठीं रक्ताचे पाट वाहिले.

पुढें अली आदिलशहानें विजयानगरच्या रामरायाशीं सख्य करून त्याच्या फौजा निजामशहावर आणल्या. म्हणजे एका मुसलमान राजानें दुसर्‍या मुसलमान राजाविरुद्ध हिंदु राजाची मदत घेतली. मग वारा फिरला. हुसेन निजामशहानें आपली कन्या चांदबिबी अली आदिलशहास दिली, आणि ह्या वेळीं सोलापूरचा किल्ला खरोखरच हुंड्यांत गेला. ह्या सोयरिकीच्या बळावर सुलतानांची एकी झाली, व जानेवारी १५६५ मध्यें तालिकोटच्या लढाईंत रामराया पडला. ह्या युद्धाला पुष्कळांनीं धर्मयुद्धाचें नांव दिलें आहे. परंतु ज्या एकीनें तें जिंकलें, ती एकी आपल्या किल्ल्याच्या हुंड्यावर जमली होती, हें सोलापूरकरांनीं विसरूं नये. राजे जेव्हां धर्माचें निशाण उभारतात, तेव्हां त्या निशाणाखालीं कोणत्या महालाचा वसूल दडला आहे, हें रयतेनें अवश्य पाहावें.

पाद्रोआदो : आमच्या वहींतील नांवेची बाजू

येथवर दुसर्‍यांचा हिशेब झाला. आतां आपला घेऊं. पंधराव्या व सोळाव्या शतकांत पोपमहाराजांनीं पोर्तुगालच्या राजास एक मोठा अधिकार दिला. पूर्वेकडील देशांत देवळें बांधणें, धर्मगुरूंचा खर्च चालविणें हें राजाचें कर्तव्य ठरलें. आणि त्याबद्दल बिशपांची निवड करून त्यांचीं नांवें रोमला सुचविण्याचा मान त्याला मिळाला. ह्या व्यवस्थेस पाद्रोआदो म्हणतात. तिच्यामुळें शुभवर्तमान समुद्र ओलांडून इकडे पोंचलें, हें खरें. त्याच काळांत फादर थॉमस स्टीफन्स ह्यांच्यासारखा इंग्रज धर्मगुरू मराठी भाषेच्या प्रेमांत पडला, आणि त्यांचें ख्रिस्तपुराण १६१६ सालीं गोव्यांतील रायतूर येथें छापलें गेलें. हें आमच्या जमेस आहे, व त्याचा आम्हांस योग्य अभिमान आहे.

परंतु राजाच्या गलबतांतून आलेल्या धर्माला राजाचें भाडेंही द्यावें लागलें. गोव्यांतील साष्टी व बारदेश येथें हिंदूंचीं देवळें राजाज्ञेनें पाडण्यांत आलीं. १५६० सालीं धर्मन्यायासन, म्हणजे इन्क्विझिशन, स्थापन झालें. मध्यंतरीं १७७४ ते १७७८ हीं चार वर्षें सोडल्यास तें १८१२ पर्यंत चाललें. ज्या धर्माचा संस्थापक न्यायासनापुढें आरोपी म्हणून उभा राहिला, त्या धर्माच्या नांवानें हें न्यायासन माणसांच्या श्रद्धेची झडती घेऊं लागलें. 'तो काळच तसा होता' असें म्हणून आपण सुटूं शकत नाहीं. पोप दुसरे जॉन पॉल ह्यांनीं १२ मार्च २००० रोजीं सर्व जगासमोर, धर्मसभेच्या पुत्रांनीं सत्याच्या नांवाखालीं केलेल्या जुलमाबद्दल देवाची क्षमा मागितली. त्यानंतर हें झांकण्याचें कारण उरलेलें नाहीं.

ह्या व्यवस्थेची सर्वांत बोलकी साक्ष एका गोमंतकीयाच्या चरित्रांत सांपडते. दिवाडी बेटावरील ब्राह्मण कुळांत जन्मलेले मातेउश द कास्त्रो ह्यांना धर्मगुरू व्हावयाचें होतें. गोव्यांत त्यांना वाट मिळाली नाहीं. म्हणून ते रोमला गेले, तेथें शिकले व तेथेंच धर्मगुरू झाले. परदेशांतील धर्मकार्य राजांच्या मुठींतून काढून घ्यावें, ह्या हेतूनें रोमनें १६२२ सालीं प्रोपागांदा नांवाचें खातें उघडलें होतें. त्या खात्यानें १६३७ सालीं कास्त्रो ह्यांना बिशपपद दिलें, आणि आदिलशाही मुलूख त्यांच्या देखरेखीखालीं दिला. त्या वेळीं सोलापूर आदिलशाहींत होतें. म्हणजे लॅटिन परंपरेंतील हिंदुस्थानच्या ह्या पहिल्या एतद्देशीय बिशपाच्या क्षेत्रांत आपली भूमिही नांवानें मोडत होती.

कास्त्रो परत आले तेव्हां गोव्याच्या अधिकार्‍यांनीं त्यांना मान्य केलें नाहीं. राजाच्या हातून न आलेला बिशप, आणि तोही काळा, हें त्यांना रुचेना. अखेर कास्त्रो ह्यांनीं डिचोलीस आपलें ठाणें केलें. डिचोली त्या वेळीं आदिलशहाच्या राज्यांत होती. कॅथलिक राजाच्या राज्यांत ज्याला ठाव मिळाला नाहीं, त्या कॅथलिक बिशपास मुसलमान राजाच्या राज्यांत ठाव मिळाला! राजा आपल्या धर्माचा असला म्हणजे धर्म सुरक्षित, असें ज्यांना वाटतें, त्यांनीं ही एवढी एक गोष्ट ध्यानांत ठेवावी.

पाद्रोआदो व प्रोपागांदा ह्यांचा तंटा पुढें फार लांबला. मुंबईंत तर एकाच शहरांत दोन बिशपांचे दोन अधिकार नांदूं लागले, आणि शेजारच्या घरांतील कॅथलिक माणसें निरनिराळ्या अधिकाराखालीं मोडूं लागलीं. १८८६ सालीं पोप तेरावे लिओ ह्यांनीं हिंदुस्थानांत धर्मप्रांतांची रीतसर रचना केली. त्या वेळींच आपला पुणे धर्मप्रांत अस्तित्वांत आला. मुंबईंतील दुहेरी अधिकार मात्र १९२८ सालच्या कराराखेरीज मिटला नाहीं. एका राजास दिलेला मान परत घेण्यास धर्मसभेला इतकीं शतकें लागलीं.

वसईची कलमें

दुसर्‍या राजवटीखालीं ख्रिस्ती रयतेचें काय झालें, हेंही पाहावें. उत्तर कोंकणांत पोर्तुगीज अंमल दोनशें वर्षें होता. तेथें धर्माच्या बाबतींत जी सक्ती झाली, तिच्यामुळें हिंदु रयतेचीं मनें त्या सरकारापासून तुटलीं, आणि मराठ्यांच्या मोहिमेस तेथें सहानुभूति मिळाली. मे १७३९ मध्यें चिमाजी आपांनीं वसई घेतली. त्या वेळच्या शरणागतीच्या कलमांत, मागें राहणार्‍या ख्रिस्ती लोकांस आपल्या धर्माप्रमाणें वागूं द्यावें व उपासनेसाठीं कांहीं देवळें राखावीं, अशी हमी होती. पोर्तुगीज सत्ता गेली, तिचे अधिकारी गेले, गोरे धर्मगुरूही गेले. परंतु एतद्देशीय धर्मगुरूंनीं आपला कळप सोडला नाहीं, आणि वसईचा ख्रिस्ती समाज आजही भरभराटीनें नांदत आहे. तोफा गेल्या म्हणजे श्रद्धाही जाईल, अशी ज्यांना धास्ती वाटत होती, ती व्यर्थ ठरली. उलट, तोफांच्या सोबतीनें श्रद्धेवर जो डाग पडला होता, तो फिका होण्यास तेव्हांच आरंभ झाला.

दोनदां हद्दपार

आपल्या पुणे धर्मप्रांताच्या पायाभरणींत जर्मन जेज्विट धर्मगुरूंचे श्रम मोठे आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून ते मुंबई व पुणें भागांत काम करूं लागले. अहमदनगर जिल्ह्यांतील खेड्यापाड्यांत ते पायीं व बैलगाडीनें हिंडले, मराठी शिकले, दुष्काळांत लोकांपाशीं राहिले. त्यांपैकीं फादर हेन्री डोरिंग ह्यांनीं १९०३ सालीं केंदळ येथून 'निरोप्या' मासिक सुरू केलें. तेच पुढें पुण्याचे बिशप झाले.

ह्या मंडळींचें नशीब पाहा. १८७२ सालीं बिस्मार्कच्या सरकारनें जर्मनीतून त्यांच्या संघास घालवून दिलें; कारण ते जेज्विट, म्हणजे राजाहून पोपचे अधिक आज्ञाधारक. पुढें १९१४ सालीं महायुद्ध पेटलें, आणि येथील ब्रिटिश सरकारनें त्यांनाच नजरकैदेंत ठेवून नंतर परत पाठविलें. कारण ते जर्मन, म्हणजे शत्रूचे प्रजाजन. स्वदेशाला ते फार परके वाटले, व परदेशाला फार जर्मन वाटले. मिशनांच्या शाळा व देवळें एकाएकीं पोरकीं झालीं. तेव्हां दोन गोष्टी स्पष्ट झाल्या. एक, सरकार कोणतेंही असो, धर्म आपल्या सोयीचा असेल तोंवरच तें त्याला गोंजारतें. दुसरी, ज्या समाजाचे धर्मगुरू त्याच समाजांतून निपजत नाहींत, त्याची दोरी सदैव दुसर्‍याच्या हातांत असते. युद्धानंतर परदेशी मिशनरी संस्थांकडून सरकारनें निष्ठेच्या व राजकारणापासून दूर राहण्याच्या हम्या लिहून घेतल्या. स्वातंत्र्याची चळवळ चालू असतां ख्रिस्ती संस्थांचा आवाज अनेक ठिकाणीं दबलेला कां होता, ह्याचें एक कारण ह्या हम्यांत आहे.

तथापि, संस्था गप्प राहिल्या तरी माणसें गप्प राहिलीं नाहींत. मुंबईचे बॅरिस्टर जोसेफ बाप्टिस्टा, ज्यांना लोक प्रेमानें काका म्हणत, हे श्रद्धावान कॅथलिक व लोकमान्य टिळकांचे निकटचे स्नेही होते. १९१६ सालीं टिळकांच्या होमरूल लीगचे ते अध्यक्ष झाले, मजुरांच्या संघटनेंत ते पुढें होते, आणि मुंबईचें महापौरपदही त्यांनीं भूषविलें. १९३० सालीं ते वारले. ख्रिस्ती माणूस मनानें परका असतो, ह्या आरोपाला त्यांचें आयुष्य हेंच पुरेसें उत्तर आहे.

चार हुतात्मे

त्याच १९३० सालीं सोलापूरचें नांव जगाच्या वर्तमानपत्रांत झळकलें. १८७७ सालीं निघालेल्या जुन्या मिलपासून पुढें येथें गिरण्या वाढल्या होत्या, आणि तेलंगण, कर्नाटक व मराठवाडा येथून आलेले तेलुगु, कानडी, उर्दू व मराठी बोलणारे कामगार एका भोंग्यावर उठत होते. ५ मे रोजीं महात्मा गांधींना पकडल्याची बातमी आली व शहर पेटलें. ८ मे रोजीं पोलिसांच्या गोळीबारांत माणसें पडलीं. खवळलेल्या जमावानें चौकी जाळली व पोलिसांचेही प्राण गेले. १२ मे रोजीं लष्करी कायदा पुकारला गेला, तो ३० जूनपर्यंत चालला. ह्या काळांत राष्ट्रध्वज व गांधीटोपी हे गुन्हे ठरले.

पोलिसांच्या खुनाच्या आरोपावरून चौघांना देहान्ताची शिक्षा झाली : मल्लाप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, जगन्नाथ शिंदे व अब्दुल रसूल कुर्बान हुसेन. १२ जानेवारी १९३१ रोजीं त्यांना येरवड्यास फांसावर चढविलें. हीं चार नांवें एकामागून एक उच्चारलीं तरी शहराच्या चार पेठा डोळ्यांपुढें उभ्या राहतात. एकाच पहाटे, एकाच आरोपाखालीं, निरनिराळ्या देवनामांचा उच्चार करणारे चौघे गेले. त्यांच्यापैकीं कोणाचा धर्म कमी झाला नाहीं, आणि कोणाचा धर्म दुसर्‍याच्या आड आला नाहीं. जमावाच्या हातून जे पोलीस मेले, तेही कोणाचे पुत्र होते. ख्रिस्ती अंतःकरणानें त्यांच्यासाठींही प्रार्थना करावी. परंतु राष्ट्र म्हणजे काय, ह्याची व्याख्या सोलापुरांत चार हुतात्म्यांच्या चौकांत उभी आहे.

पंढरपूरचें दार

आपल्याच जिल्ह्यांतील आणखी एक गोष्ट. चोखामेळा हे विठ्ठलाचे थोर भक्त. पण जातीनें महार, म्हणून देवळांत त्यांना प्रवेश नव्हता. १३३८ सालीं मंगळवेढ्यास गांवकुसाचें काम करितांना भिंत कोसळून ते गेले, असें परंपरा सांगते. आणि त्यांची समाधि पंढरपुरांत देवळाच्या महाद्वारासमोर, दाराबाहेर, बांधली गेली. त्यानंतर सहा शतकें त्यांच्या जातीचे वारकरी त्याच दाराशीं थांबून माघारीं फिरले.

मे १९४७ मध्यें, स्वातंत्र्य तीन महिन्यांवर आलें असतां, साने गुरुजींनीं पंढरपुरास उपोषण मांडलें. ब्रिटिश जात आहेत. पण देवाच्या दारांत माणूस परका असेल, तर हें स्वातंत्र्य कोणाचें, असा त्यांच्या उपोषणाचा अर्थ होता. दहा दिवसांनीं मंदिर अस्पृश्यांस खुलें करण्याचा निर्णय झाला. ह्या उपोषणांत तलवार नव्हती, दंगा नव्हता. धर्माला धर्माच्याच नांवानें केलेली ती विनवणी होती. पुढें कायद्यानेंही तेंच सांगितलें. परंतु कायद्याच्या आधीं एका माणसाची भूक बोलली.

हें वाचून आपण दुसर्‍याच्या देवळाकडे बोट दाखवूं नये. प्रभूच्या मेजाभोंवतीं सर्व समान, असें आपण मानतों. तरीही जात आपल्या उंबर्‍याआंत शिरली होती, व ती पुरती निघाली आहे असें म्हणवत नाहीं. सोयरीक जुळवितांना, क्वचित् स्मशानभूमींतही, ती डोकें वर काढते. भारतांतील कॅथलिक बिशपांनीं २०१६ सालीं दलितांविषयींचें आपलें धोरण प्रसिद्ध केलें, आणि धर्मसभेंत जातिभेद चालतो हें त्यांत मोकळेपणानें मान्य केलें. पंढरपूरचें दार उघडलें. आपल्या घरचें दार किती उघडें आहे, हें ज्यानें त्यानें पाहावें.

घटना आणि आपण

स्वतंत्र भारताची घटना तयार होत असतां ख्रिस्ती समाजापुढें एक कसोटीचा प्रसंग आला. ब्रिटिश अमदानींत १९३५ च्या कायद्यानें हिंदी ख्रिस्ती लोकांस स्वतंत्र मतदारसंघ दिले होते. नव्या घटनेंत राखीव जागा तरी मागाव्यात, असें पुष्कळांस वाटत होतें. परंतु मे १९४९ मध्यें धार्मिक अल्पसंख्याकांच्या राखीव जागा काढून टाकाव्यात हा ठराव ज्यांनीं मांडला, ते हरेंद्रकुमार मुखर्जी स्वतः ख्रिस्ती होते. मद्रासकडून निवडून आलेले जेज्विट धर्मगुरू फादर जेरोम डिसोझा हेही त्या घटनासमितींत बसले होते. दुसरीकडे, धर्माचा प्रसार करण्याचा हक्क घटनेंत असावा कीं नसावा ह्यावर डिसेंबर १९४८ मध्यें कडाक्याचा वाद झाला, आणि कन्हैयालाल मुनशी ह्यांच्यासारख्या हिंदु सभासदांनीं तो शब्द राखण्याची बाजू घेतली. राखीव जागा आम्हीं सोडल्या, विवेकाचें स्वातंत्र्य शेजार्‍यांनीं राखलें. राष्ट्र ज्या विश्वासावर उभें राहतें तो हाच.

परंतु त्या हिशेबांत एक बाकी राहिली आहे. १९५० सालच्या राष्ट्रपतींच्या आदेशानें अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेविल्या. १९५६ सालीं शीखांचा व १९९० सालीं बौद्धांचा त्यांत समावेश झाला. ख्रिस्ती व मुसलमान दलित मात्र बाहेर राहिले. एकाच वस्तींतील दोघे सख्खे भाऊ, एकाच विहिरीवरून हटकले गेलेले. त्यांपैकीं एकानें बाप्तिस्मा घेतला म्हणून त्याची उपेक्षा संपली, असें कायदा धरून चालतो. २०२२ सालीं केंद्र सरकारनें ह्या प्रश्नाच्या विचारासाठीं माजी सरन्यायाधीश बाळकृष्णन् ह्यांच्या अध्यक्षतेखालीं आयोग नेमला. ही मागणी खास हक्काची नव्हे. माणसाचें दैन्य पाहण्यापूर्वीं सरकारनें त्याचा धर्म विचारूं नये, एवढीच ती आहे. आणि ती मागतांना, आपल्याच समाजांत जात टिकवून ठेवण्याची लाज आपण आधीं सोडविली पाहिजे. नाहींतर आपल्या शब्दांस वजन येणार नाहीं.

उपसंहार

कैसराच्या नाण्याविषयीं प्रभु येशूला पेंचांत धरण्याचा प्रयत्न झाला, तेव्हां त्यानें राजाचें देणें व देवाचें देणें निरनिराळें असल्याचें दाखविलें. ह्याचा अर्थ धर्मानें राष्ट्राकडे पाठ फिरवावी असा नव्हे. नाण्यावर राजाची मुद्रा असते, तशी माणसावर देवाची असते. म्हणून जेथें माणूस चिरडला जातो, तेथें धर्मास गप्प राहतां येत नाहीं. परंतु बोलावयाचें तें प्रजेच्या बाजूनें, आणि स्वतःसाठीं सिंहासन न मागतां. दुसर्‍या व्हॅटिकन परिषदेनें ७ डिसेंबर १९६५ रोजीं धर्मस्वातंत्र्याचा जाहीरनामा काढून, कोणाच्याही विवेकावर सत्तेनें बळजबरी करूं नये, असें धर्मसभेच्या मुखानें सांगितलें. गोव्याच्या इन्क्विझिशनपासून ह्या वाक्यापर्यंत पोंचण्यास चारशें वर्षें लागलीं. आतां पोंचल्यावर माघार नको. मग राज्य आपल्या सोयीचें असो वा गैरसोयीचें.

वाचकहो, ज्यांनीं सोलापूर हुंड्यांत दिलें आणि ज्यांनीं तें घेतलें, त्या राजघराण्यांचा आज मागमूस नाहीं. किल्ल्याच्या बुरुजांवर पांखरें बसतात. सिद्धरामांचा तलाव, दामाजींचें कोठार, साने गुरुजींचें उपोषण व चार हुतात्म्यांची पहाट हीं मात्र लोकांच्या मनांत ताजीं आहेत. आपला समाज ह्या शहरांत लहान आहे. त्याच्याजवळ राजदंड नाहीं व तो नसावाच. परंतु आजार्‍याची शुश्रूषा करणारा हात, गरिबाच्या मुलास शिकविणारी शाळा, दंगलीच्या रात्रीं शेजार्‍यास उघडें सांपडणारें दार, आणि अन्याय पाहून न कचरणारी जीभ हीं लहान समाजालाही राखतां येतात. पुढील ज्युबिलीच्या वेळीं आपले वंशज ही वही उघडतील, तेव्हां ह्या वर्षांच्या जमेच्या बाजूला त्यांना हें आढळो, हीच प्रभुचरणीं प्रार्थना.